डेलच्या कार्डावरची टोपी

डेल गेला, आणि ही बातमी सांगायला मला दोहात एकही माणूस सापडला नाही.

रास लफानला आमच्या गॅस प्लांटवर तो सेफ्टी ट्रेनर होता. अमेरिकन. वयाने माझ्या वडिलांएवढा, पण इंग्रजीत सगळं अरे-तुरेच. म्हणून नुसता डेल.

अल वक्राहून पहाटे सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. कित्येक महिने फक्त गुड मॉर्निंग.

मग माझी बायको आणि लेक नाशिकला परत गेल्या. कुणाला काही बोललो नव्हतो.

त्याने मात्र ओळखलं.
"तुझा डबा बंद झालाय," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी आम्ही अल मन्सूरातल्या एका भारतीय हॉटेलात जेवायला भेटू लागलो. साधं वरण-भात, पापड. पापड तो दोनदा मागवायचा.

असंच एकदा त्याने पाकिटातून एक जुनं बेसबॉल कार्ड काढलं, अमेरिकेत खेळाडूंचे फोटो छापून दुकानात विकतात तसलं. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जपलेलं. त्यावर मिशीवाला तरुण, हातात बॉल. तो स्वतःच.
पिचर होता. म्हणजे आपला बोलर.

मी विचारलं, ही कुठली टीम?

तो हसला. फोटो काढला तेव्हा म्हणे तो वेगळ्याच टीममध्ये होता. कार्ड छापायच्या आत त्यांनी त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. मग कुणीतरी फोटोवर ब्रशने त्या नव्या टीमची टोपी रंगवली. कार्ड दुकानात येईपर्यंत नव्या टीमनेही त्याला काढलं होतं.

"ही टोपी मी कधी घातलीच नाही," तो म्हणाला. "आणि कार्ड माझं एवढंच निघालं."

पुढे बरीच वर्षं लहान-लहान गावांत, भाड्याच्या खोल्यांत राहून खेळला. संसार मोडला. मुलगा आईकडे वाढला. मग तेलाच्या रिग, मग गल्फ.

रिटायर झालास की घरी जाणार ना, असं मी एकदा सहज विचारलं.
"कुठे?" तो म्हणाला.
मस्करी करत नव्हता. मी चहा सांगितला.

मागच्या शुक्रवारी तो आला नाही. फोन नुसता वाजत राहिला.
त्याच्या बिल्डिंगवर गेलो, वॉचमनने दार उघडून दिलं.
खुर्चीत बसला होता. शर्ट इस्त्रीचा, पायात बूट.
जेवायला निघाला होता.

डॉक्टर हार्ट अटॅक म्हणाले.

मुलाशी फोनवर मीच बोललो. दुसरं होतं कोण? कार्डाचं सांगितलं, तसा तो शाळेतली एक गोष्ट सांगू लागला.
लहानपणी त्याने बापाचं तसंच एक कार्ड शाळेत नेलं होतं. तुझा बाप या टीमकडून कधी खेळलाच नाही, असं म्हणत पोरांनी त्याला खोटं पाडलं. त्यालाही वाटलं, बापाने थापच मारली. बापाला त्याने कधी विचारलं नाही.

मी त्याला रंगवलेल्या टोपीचं सांगितलं.


मग त्याने विचारलं, "तिथे त्यांना बरेच मित्र होते का?"

"हो," मी म्हणालो. "खूप."

काल विमानतळाच्या कार्गोवरून त्याची शवपेटी मुलाकडे रवाना झाली, तेव्हा निरोप द्यायला मी एकटा होतो. कार्ड त्याच्या सामानात, सगळ्यात वर ठेवलं.

म्हणून हे लिहितोय. नाशिकचे, पुण्याचे, इथले, जे कुणी वाचाल त्यांनी त्याचं नाव एकदा मनात घ्या. मी त्या मुलाला जे सांगितलं, ते थोडं तरी खरं होऊ दे.

डेल, आम्हा सगळ्या मित्रांची तुला श्रद्धांजली.