मामंजींच्या मिशा आणि माझे कान

मला कमी ऐकू येतं, हे मला मुंबईच्या इस्पितळात कळलं, डॉक्टरांनी तोंडापुढे केसपेपर धरला तेव्हा.

त्याआधी ते विचारत होते आणि मी फटाफट उत्तरं देत होते. गाव? पनवेलजवळ, खाडीकाठी. मुलं? दोन मुली. मग तो कागद आडवा आला आणि बोलण्याची नुसती गुणगुण उरली. एकही शब्द हाती लागेना. मी घाबरून यांच्याकडे, माझ्या नवऱ्याकडे बघितलं. शेजारी मामंजी, म्हणजे माझे सासरे, बसले होते. खरं तर माझ्याबद्दलची तक्रार त्यांचीच होती.

तक्रार अशी, की सून सगळ्यांचं ऐकते, फक्त सासऱ्याचं ऐकत नाही. आणि ते खरंच होतं. धाकटीच्या बाळंतपणानंतर माझ्या कानात शीळ वाजायला लागली होती. पण सासूबाईंशी, मिठागरावरच्या बायांशी माझ्या गप्पा बिनघोर चालायच्या. पिठाच्या गिरणीत तर बाकीच्या बायकांना खडखडाटात काही ऐकू यायचं नाही आणि मला सगळं नीट कळायचं. मामंजींनी पाणी मागितलं की मात्र मी खांबासारखी उभी. त्यांना वाटायचं, मी मुद्दाम करते. मला वाटायचं, हे पुटपुटतात.

शेवटी एका सकाळी ते यांना म्हणाले, "तिला पलस्प्याला माहेरी पोचव. पोरी आपल्याकडं र्‍हातील." हेसुद्धा मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी दोन्ही मुलींना पोटाशी धरून मी खूप रडले. यांनी तेवढी भीड मोडली आणि म्हणाले, आधी तिचे कान दाखवू, मग काय ते ठरवा.

डॉक्टरांनी दोन दात्यांचा एक लोखंडी काटा वाजवून कानापुढे धरला. आवाज लगेच विरला. तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला, तर छान ऐकू आला. आजाराचं नाव ऑटोस्क्लेरोसिस. कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असतं, ते आवाजासरशी हलतं. माझं ते जाम होत चाललं होतं. बाळंतपणानंतर काही बायकांचं वाढतं, असं ते म्हणाले.

"पण कागद धरेपर्यंत मला ऐकू येत होतं," मी म्हटलं.

"अर्धंच येत होतं. बाकीचं तुम्ही माझ्या ओठांवरून घेत होतात. कान आणि डोळे आपापलं आणून देतात, मेंदू त्याचं एकच बोलणं करतो. कोणाचं किती, ते तो आपल्याला सांगत नाही. सगळ्यांचंच असं असतं, तुम्हाला त्याची गरज जास्त."

मग त्यांनी विचारलं, सासऱ्यांशी बोलताना कुठे बघता? खाली, मी म्हटलं. आमच्यात सून सासऱ्यापुढे डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून उभी राहते. लग्नापासून मी मामंजींचे पायच बघितले होते. शंभर माणसांत मी त्यांना चपलांवरून ओळखलं असतं.

"मान वर करा," डॉक्टर म्हणाले. "आणि बाबा, तुम्ही बोला."

मी जीव मुठीत धरून वर बघितलं. मामंजी काहीतरी बोलले असावेत. मला दिसल्या त्या फक्त मिशा, झुबकेदार, खालच्या ओठावर उतरलेल्या. डॉक्टर थोडा वेळ त्या मिशांकडे बघत राहिले. "याला माझ्याकडे औषध नाही," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "सून सासऱ्याच्या तोंडाकडं बगनार? लोका काय बोलतील?" माहेरी पाठवायचं काय ठरलं, हे विचारायची माझी छाती नव्हती. मी आपलं बोचकं बांधून ठेवलं.

पुढच्या बाजाराला मामंजी पनवेलला गेले आणि परतले तेव्हा मिशा नव्हत्या. आमच्याकडे पुरुष मिशा उतरवतो ते घरात कोणी वारलं तर. त्यामुळे त्यांच्यामागून वाटेवरची चार माणसं तोंडं पाडून आली. शेजारचा म्हातारा तर डोळे पुसतच अंगणात शिरला. "कोन गेला?"

मी दारात उभी होते. मान वर होती.

"कोनी गेला नाय," मामंजी म्हणाले. "माझा बोलना सुनेला दिसाला पायजे, म्हनून काढल्या."

लग्नानंतर त्यांचं अख्खं कळलेलं हे पहिलं वाक्य. मी आत जाऊन बोचकं सोडलं आणि मग पोटभर रडले, या खेपेला सुखानं.

तुमच्या घरी कोणी एकाचं ऐकतं आणि दुसऱ्याचं नाही, असं असेल तर रागावण्याआधी त्याच्यासमोर उजेडात बसा, तोंडावरचा हात काढा आणि सावकाश बोला. आणि डॉक्टरांना दाखवायला लाजू नका.

काही वर्षांनी मला कानाचं यंत्र मिळालं. मी मामंजींना म्हटलं, आता खुशाल मिशा राखा. त्यांनी गुळगुळीत ओठावरून हात फिरवला आणि माझ्यासमोर नीट बसून म्हणाले, "आन यंतर बिगारला तं?"