गोळ्यांचा गुरुवार

नाचणगावच्या वच्छलाबाईला गप्पांना माणूस लागायचं, आणि माणूस नसलं तर वांग्याची झाडंही चालायची. पाऊण एकराच्या मळ्यात वांगी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायची, टोपली डोक्यावर घेऊन पुलगावच्या बाजारात बसायचं आणि भाजीपेक्षा बोलण्यावरच गिऱ्हाईक धरून ठेवायचं, असा तिचा संसार. नवरा पुंडलिकराव तिच्या अगदी उलट. दिवसभरात चार शब्द बोलला तरी त्याला दमल्यासारखं व्हायचं.

पुंडलिकराव गावाजवळच्या जानकी मिलमध्ये कामाला होता. सत्त्याहत्तर साली मशीनचा पट्टा तुटून त्याच्या डोक्याला लागला. जखम भरली, पण मागे फिट लावून गेली. उभा माणूस एकाएकी कोसळायचा. मिलच्या फाटकासमोर कामगारांचा विमा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर सुलोचनाबाईंनी सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या सुरू केल्या आणि फिट थांबली. मिलनेही त्याला मशीनवरून काढून गोदामात हलकं काम दिलं. वच्छलाबाईनं देवाचे आणि डॉक्टरीणबाईचे सारखेच आभार मानले.

दोनेक वर्षं अशी सुखाची गेली आणि मग वरून नवा नियम आला. औषधांवर फार खर्च होतो, काही लोक गोळ्या बाहेर विकतात, म्हणून कायम घ्यायची औषधं आता गावच्या दवाखान्यात मिळणार नाहीत. वर्ध्याच्या मोठ्या भांडारातून न्यायची, एका वेळी आठवड्याचीच, आणि तीही रोग्यानं स्वतः जाऊन.

"मी आणतो न त्याइच्या गोळ्या," वच्छलाबाई म्हणाली.

"नाही चालत, बाई. ज्याचा आजार त्याचीच सही लागते," सुलोचनाबाई म्हणाल्या. हा नियम सांगताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

"अन् रस्त्यात फिट आली तं? मंग काय फिटची सही घेतीन का ते?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण नियम काही हलला नाही. दर आठवड्याला नवरा-बायको पॅसेंजर गाडीनं वर्ध्याला जाऊ लागले. कधी गाडी उशिरा, कधी भांडाराची खिडकी बंद, कधी गोळ्याच संपलेल्या. पुंडलिकरावाचा दिवस बुडायचा आणि त्या दिवसाची अर्धी मजुरी विम्यातूनच मिळायची.

एका आठवड्यात वांगी तोडणीला आली आणि बाजारही नेमका वर्ध्याला जायच्या दिवशीच आला. पुंडलिकराव म्हणाला, "एक खेप चुकली तं काय होते? तू माल विकून ये." वच्छलाबाईला ते पटलं. गोळ्या संपल्या आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी, चुलीवर पाणी तापवताना त्याला फिट आली. डावा हात विस्तवात गेला. वच्छलाबाई मळ्यातून धावत आली तोवर तळवा पार भाजून निघाला होता.

त्याला वर्ध्याच्या इस्पितळात ठेवावं लागलं. वच्छलाबाई खाटेशी बसून राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं गाव विचारलं, तर तिनं नुसतं नाचणगाव एवढंच सांगितलं. पुंडलिकराव डोळे मिटून पडला होता. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "बोल न व काही. लय सुनं सुनं वाटून राह्यलं." मग मात्र तिला रडू फुटलं.

घरी आल्यावर तिनं ठरवलं, यापुढं एकट्यादुकट्यानं जायचं नाही आणि खेप चुकवायची नाही. मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात तंतू छातीत जाऊन दम्यानं बेजार झालेली पुष्कळ माणसं होती. तीही वर्ध्याच्या खेपा घालत होती, जो तो आपल्या सवडीनं. वच्छलाबाई घरोघर फिरली. रूपरावला म्हणाली, "दादा, तुमाले गाडीत दम लागला तं पाणी कोन देईन? गुरुवारी सारे संगंच जाऊ." मिलमधल्याच सखूबाईला ब्लडप्रेशर होतं, तिला म्हणाली, "तू बी येजो, डब्यात भाकर घेऊन."

पुढच्या गुरुवारी अर्धा डबा नाचणगावचा झाला. भाकरी, ठेचा, कांदा निघाला. खोकत खोकत का होईना, लोक हसत होते. दोनचार गुरुवार असेच गेले.

मग एके दिवशी मिलचे मॅनेजर मधुकरराव थेट मळ्यात आले. "बाई, दर गुरुवारी माझं पिंजण खातं बंद पडते. तुम्ही संप करून राह्यल्या का?"

वच्छलाबाई खरोखरच दचकली. "संप कायचा जी? लोक गोळ्या आनाले जातेत! एकट्यानं गेलं का भेव वाटते." मग तिनं पुंडलिकरावाला हाक मारली आणि त्याचा हात पुढं करायला लावला. बोटं आत वळून तशीच राहिली होती. मधुकररावांनी तो हात पाहिला आणि तिथून निघाले ते थेट दवाखान्यात.

सुलोचनाबाई जणू त्यांचीच वाट पाहत होत्या. "गोळ्यांत जे वाचवलं," त्या म्हणाल्या, "ते सगळं पुंडलिकरावाच्या इस्पितळातल्या एका खाटेवर खर्च झालं. वर गुरुवारच्या रजांचे पैसे विमा भरतो, ते वेगळेच. पैसा तोच, कामगारांच्या पगारातून कापलेला, तुमच्या मिलचा आणि सरकारचा. फक्त एका खिशात वाचवून दुसऱ्या खिशाला भोक पाडलंय."

दोघांनी मिळून वरती लिहिलं. उत्तर यायला वर्ष सरलं आणि आलं तेही अर्धंमुर्धं. फिटच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या पुन्हा गावच्या दवाखान्यात, महिन्याच्या एकदम, घरचं माणूस आलं तरी मिळतील. दम्याचं औषध मात्र वर्ध्यालाच. रूपराव चिडला, मग वच्छलाबाईनं एक-दोन जण त्याच्या सोबतीला लावून दिले आणि पुन्हा एकदा अर्ज करायला लावला.

पुंडलिकरावाला परत फिट आली नाही. बोटं काही सरळ झाली नाहीत, पण उजव्या हातानं तो वांगी झपाझप तोडायचा.

सखूबाईला मात्र करमेना. "आता आपलं वर्ध्याले जानं बंदच का व?" तिनं एकदा विचारलं.

"काऊन बंद? पिक्चर पाहाले जाऊ न!"

आणि गेल्या. पुंडलिकरावही सोबत होता. मध्यंतराच्या आधीच तो झोपला आणि वच्छलाबाई उरलेला पिक्चर सखूबाईला शेवटपर्यंत समजावून सांगत राहिली.