पाच किलोमीटरच्या आतला कावळा

बाबा नागपुरात वारले, तेव्हा आई माझ्या बाळंतपणासाठी इकडे परदेशात, सँडीफोर्डला आली होती आणि विमानं बंद होती. २०२० चा मे महिना. भावानं अग्नी दिला तो आम्ही फोनवर पाहिला. दहाव्याला तिकडे घाटावर जायची परवानगी मिळेना, म्हणून आईनं ठरवलं, कावळ्याचा घास इथंच ठेवायचा.

"कावळे आहेत ना इथं?"

"ढिगानं!" मी ठोकून दिलं. एवढी वर्षं इथे राहून मी वर पाहिलं ते फक्त पाऊस आहे का बघायला.

दहाव्याला बाल्कनीत भात ठेवला. पहिला उतरला सीगल, हा एवढा थोरला. "हे काय करून राहिलं बाप्पा! मेल्या, तुझा नाही तो!" म्हणत आई लाटणं घेऊन धावली. पुन्हा भात ठेवला, तर लांब शेपटीचा, काळापांढरा मॅगपाय येऊन खाऊन गेला. आई मटकन खाली बसली. "ते उपाशी आहेत गं," म्हणाली.

बाळाला नवऱ्याकडे सोपवलं, डबा घेतला आणि आम्ही दोघी निघालो. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती, म्हणजे कावळा त्याच्या आतच सापडायला हवा. पार्कात रूक, म्हणजे कावळ्याचेच भाऊबंद, चरत होते. काळेकुळकुळीत, पण चोच पांढुरकी. आईनं नापास केले. तळ्याकाठी तर बदकंच डब्यावर धावून आली. शेवटी समुद्रावर, ओहोटीनं उघड्या पडलेल्या खडकांत एक जण शिंपला उंचावरून टाकून फोडत होता. हूडेड क्रो. डोकं आणि पंख काळे, अंग राखाडी.

"हा आपलाच," आई म्हणाली. "थंडीचं स्वेटर घातलंय त्यानं."

खडकावर घास ठेवून आम्ही मागे सरलो. तो आला, मान वाकडी करून बघत राहिला, पण शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलंय ते ओळखून वचन द्यायचं असतं. मी हात जोडले. "बाबा, आईची काळजी करू नका. ती आता कायमची माझ्याकडेच राहील."

कावळा उलट मागेच सरकला.

"काहून आपल्याच मनानं बोलून राहिली तू?" आई चिडली. शाल आवळून पुढे झाली. "अहो, ऐका. विमानं सुरू झाली की मी घरी येते. आपल्या घरी. एकटी राहीन, भिणार नाही."

त्यानं घास उचलला.

इतक्या दिवसांत आई पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. मी तिला घट्ट जवळ घेतलं. राहा मात्र म्हणाले नाही.