चिठ्ठीतलं तिसरं काम

तात्यांना उलटं वाचता यायचं. टेबलाच्या पलीकडे बसून माझ्या पुढ्यातला कागद ते माझ्याआधी वाचून संपवायचे. बत्तीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवलेला माणूस. खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं. कॉम्प्युटर आले, महाद्वार रोडच्या गल्लीतला तो छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले. आणि तात्या कामाला आले ते आमच्याकडे, म्हणजे ज्यांनी त्यांच्या पोटावर पाय दिला त्या कॉम्प्युटरवाल्यांकडेच.

राजारामपुरीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. गावोगावच्या वाचनालयांसाठी मी एक प्रोग्रॅम लिहीत होतो. कोण कुठलं पुस्तक घेऊन गेलं, कधी परत आणलं, असल्या नोंदींचा. त्यासोबत द्यायची मराठी माहितीपुस्तिका मी आधी स्वतःच लिहिली होती. तात्यांनी ती चाळली आणि म्हणाले, "हे तुला कळतंय. पण तुला आधीच येतंय की." मला राग आला. मी इंजिनियर आणि हे सातवी शिकलेले! पण खरं होतं ते खरंच होतं. साहेबांनी पुस्तिका तात्यांवर सोपवली.

लिहिलेली पानं पिशवीत घालून ते एसटीनं शिरोळकडच्या एका वाचनालयात जायचे. तिथल्या ग्रंथपाल बाईंना कॉम्प्युटरसमोर बसवायचे, पानं हातात द्यायचे आणि शेजारी गप्प बसायचे. बाईंचं बोट जिथं थांबलं तिथं पेन्सिलीनं टिंब. परत आले की टिंबाजवळचं सगळं नव्यानं लिहायचे, खोकत खोकत. "वाचणारा अडला की चूक लिहिणाऱ्याची," एवढंच त्यांचं शास्त्र. पान अकरा त्यांनी सहा वेळा लिहिलं. शेवटी ते असं झालं : 'चुकून नोंद पुसली गेली तर घाबरू नका. काही बिघडलेलं नाही. पुढचं सावकाश करा.'

दुसरी एक सवय. कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी छापखान्याची ओळ शोधायची. लग्नपत्रिकाही सुटायची नाही. एकदा त्यांनी विचारलं, ह्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ कुठं असते? मी 'अबाउट'ची छोटी खिडकी उघडून दाखवली. कंपनीचं नाव, आवृत्ती, सर्व हक्क राखीव, आणि खाली मी हळूच घातलेलं माझं नाव.

"आणि पुस्तिका आपोआप झाली व्हय?" तात्या हसले.

चार दिवसांनी त्यांनी माझ्यापुढं एक कागद सरकवला. सुबक अक्षरात एकच ओळ : 'पुस्तिका-लेखन : महादेव रामू कांबळे'. म्हणाले, "हजारभर पुस्तकं जुळवली असतील. एकातबी माझं नाव न्हाय. ह्यात घालशील?" साहेबांना विचारलं, ते घाईत 'घाल की' म्हणाले. मी ओळ घातली. तात्यांनी खिडकी उघडायला लावली, बंद करायला लावली, परत उघडायला लावली. रविवारी बायकोला दाखवायला आणतो म्हणाले.

शनिवारी साहेब पुण्याला गेले. जाताना पाच कामांची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून गेले. तिसरं काम असं होतं : 'लेखनातलं कांबळे नाव काढणे. खेड्यातल्या कमिट्यांना चालणार नाही. तुझं राहू दे.'

मी ते दोनदा वाचलं. चिठ्ठी तशीच उघडी पडली होती आणि समोर कोण बसलंय याचा मला विसर पडला होता. तात्या खोकले. मग शांतपणे म्हणाले, "चिठ्ठीतलं तिसरं आधी कर. राहिलं की जड जातंय."

'मग माझंही काढतो,' एवढंच म्हणायचं होतं मला. सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि गिळलं. नेसरीला घरी जाऊन ती खिडकी वडिलांना दाखवायची होती ना! तात्यांच्या डोळ्यांदेखत मी ती ओळ पुसली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

रविवारी कोणी आलं नाही. सोमवारी तात्या वेळेवर आले. आठ दिवस बसून उरलेली पानं तपासली, सातव्या पानावरची माझी एक चूक दुरुस्त केली, गठ्ठा माझ्या हातात दिला आणि "बराय" म्हणून गेले. पुन्हा आले नाहीत. दोन वर्षांनी खोकल्यानंच गेले. मला कळलं तेव्हा जलदानाचा विधीही होऊन गेला होता. त्यांच्या घरी जायचं म्हणून दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत फिरलो. लाज वाटली, दुसरं काय!

बऱ्याच वर्षांनी त्याच शिरोळकडच्या वाचनालयात गेलो होतो. जुन्या बाई निवृत्त झालेल्या, जागेवर नवी मुलगी. प्रोग्रॅम तोच, जुना. पुस्तिकेच्या पानापानाला तिनं प्लास्टिक लावलेलं. म्हणाली, पहिल्याच दिवशी शंभर नोंदी पुसल्या होत्या, रडत होते, ह्या पानानं वाचवलं. शेजारी कमिटीचे चेअरमन बसले होते. तिनं 'अबाउट'ची खिडकी उघडली, नाव वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"सर, ही पुस्तिका तुम्हीच लिहिलीय की."

चेअरमन कौतुकानं पुढं झुकले. पुस्तिका तिच्यापुढं उघडी होती, माझ्या बाजूनं उलटी. पान अकरा. एकेक अक्षर लावत मी वाचलं : घाबरू नका.

"व्हय," मी म्हणालो.