कुर्गचा नेचा पेडगावात

पेडगावाहून निघताना धाकटी जाऊ रखमा म्हणाली, "बाई, तिकडची एखांदी भाजी आणा की." तिचं काय जातंय म्हणायला! माझी कुसुम दिली कुर्गात, जावई कॉफीच्या मळ्यावर कारकून. तिथं जायचं म्हणजे आगगाडीवर आगगाडी, आणि वर घाटातली मोटार. लेकीचं तोंड बघायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं ते यामुळंच.

पोचले तर पाऊस. जळवा तर लुगड्याच्या निऱ्यांत शिरायच्या. कुसुमनं मला ओढ्याच्या घळीत नेलं. तिथं ऊन म्हणून पोचत नाही. शेवाळलेल्या दगडांतून नेच्याची (बिनफुलाचं, पिसांसारख्या पानांचं झाड) झाडंच्या झाडं उभी! शिंदीसारखं काळं खोड, डोक्यावर पिसारा, आणि मधोमध जिलबीसारखे गुंडाळलेले कोंब. त्यांची लव खरवडून, दोनदा उकडून कुसुमनं खोबऱ्यात भाजी केली. भेंडीसारखी बुळबुळीत, पण मी मागून घेतली.

म्हटलं, एक रोप नेते. दारात लेकीकडचं काही तरी असलं म्हणजे घर भरल्यासारखं वाटेल. कुसुमनं मडक्यात लावून दिलं. "आई, मधला कोंबांचा गोंडा सांभाळ. तो मोडला की झाड संपलं."

मग काय, सारी वाट मडकं मांडीवर. स्टेशनागणिक पाणी पाजायचं, लुगडं चिंब. निजामाच्या मोगलाईची हद्द लागली तसा करोडगिरीचा (जकातीचा) शिपाई आला.

"इसमें क्या है अम्मा?"

"भाजी."

"भाजी को कोई पानी पिलाता क्या?" म्हणत मेल्यानं चिखलात बोट खुपसलं. मी हात धरला त्याचा, म्हणून गोंडा वाचला.

घरी थारोळ्यापाशी (मोटेचं पाणी पडतं तिथं) सावलीत रोप लावलं. रोज उठून बघायची. नवा कोंब निघाला, जीव भांड्यात पडला, आणि मी मानवतला लग्नाला गेले.

परत येते तर गोंडा गायब!

"रखमे, काय केलंस गं हे?"

"शेंडे खुडले. हरभऱ्याचे न्हाई का खुडत आपण? आता बघा, लय फांद्या फुटत्याल." वर हसून म्हणते, "खुडलेलं टाकावं कशाला? दाण्याचा कूट घालून केलीय. तुमच्यासाठी ठिवलीया."

वाटीत घासभर भाजी. खाल्ली. खुंट सुकला, तरी ही रोज त्याला पाणी घालते, फांद्यांची वाट बघत.

लेकीकडं पुन्हा जाईन तेव्हा हिला बरोबर नेणार. येताना मडकं हिच्या मांडीवर.