कडेचा ढीग

तिला सगळी गल्ली ठेवाबाई म्हणायची. जन्मभर तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या, आणि फाटकी चादर कुणी बाजूला काढली की ती ओरडायची, "टाकू नका, ठेवा, लागेल!" ती निवृत्त झाली, पण तोंडातला शब्द काही निवृत्त झाला नाही. दोरीचे तुकडे, डब्यांची झाकणं, मोडक्या छत्रीच्या काड्या, सगळं तिच्या माळ्यावर सुखाने नांदत होतं. तिचा जावई फ्रिज दुरुस्त करायचा. मोठा थट्टेखोर माणूस. तो विचारायचा, "आई, मी जुना झालो की मलाही माळ्यावर ठेवाल ना?"

"तुमची बडबड मावेल एवढा माळा नाही आमचा," ती म्हणायची. जावई मात्र तिला मनापासून आवडायचा. हे तिने कधी कुणाला कळू दिलं नाही.

तिचा खरा जीव होता घरामागच्या वाफ्यावर. तिथे पूर्वी नुसते दगडगोटे होते. पालापाचोळा, भाजीची देठं, कुठून कुठून मागून आणलेली माती असं पाटी-पाटीने टाकून तिने तो वाफा तयार केला होता. आता त्यात टोमॅटो लगडले होते आणि कडेने गुलाब फुलला होता. त्या वाफ्यात कुणी पाय ठेवला तर ती मुलाहिजा ठेवत नसे.

लेक आणि जावई कायमचे राहायला आले तेव्हा मागे एक खोली वाढवायचं ठरलं, आणि खोलीखाली पाण्याची टाकी. टाकीसाठी पुरुषभर उंचीहून खोल खड्डा खणला. वरची माती काळी आणि भुसभुशीत निघाली, खालची पिवळी, चिकट. गवंडी म्हणाला, "ट्रक बोलावतो, घेऊन जाऊ दे सगळी."

"टाकू नका!" ठेवाबाई कडाडली. "काळी माझ्या वाफ्याला, पिवळीत खत मिसळून कुंपणाजवळ नवा वाफा. दोन्ही वेगवेगळ्या ठेवा."

बेत काही वाईट नव्हता. चांगली माती फुकट घालवणं हा वेडेपणाच आहे. चुकली ती फक्त जागा. खड्ड्याच्या एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला वाळू, तिसऱ्या बाजूला सळया, आणि चौथ्या बाजूला हात-दोन हात पट्टा सोडून तिचा वाफा. ढीग त्या पट्ट्यावरच वाढत गेला, अगदी खड्ड्याच्या कडेला टेकून. गवंडी दोनदा म्हणाला, "बाई, कडेवर एवढं वजन नको, खाली येईल. तात्पुरती वाफ्यावर टाकू."

"वाफ्यावर? आधी माझ्यावर टाका!"

गवंड्याने बिचाऱ्याने मजुरांना माती तिथेच टाकायला सांगितली. तिच्याशी वाद घालणार कोण?

त्या सकाळी तिने टोमॅटोंना पाणी घातलं, जरा सढळ हातानेच. पाइप गुंडाळताना तिला ढिगाच्या पायथ्याशी भेग दिसली. बोट जाईल एवढी, वाफ्यापासून खड्ड्याच्या कोपऱ्यापर्यंत. गवंडी दोनदा काय म्हणाला होता ते तिला आठवलं. पण गवंड्याला सांगितलं तर तो फावडं घेऊन थेट वाफ्यावरच येईल, हेही तिला दिसत होतं. दुपारी सांगू, असं म्हणत ती आत गेली.

तिने चहा ठेवला. त्या दिवशी एक मजूर आला नव्हता, म्हणून खड्ड्याचा तळ साफ करायला जावईच खाली उतरला होता. मोठ्याने गात होता, अगदी बेसूर. मग ओल्या चादरींचा गठ्ठा फरशीवर आदळावा तसा आवाज झाला आणि गाणं थांबलं.

ती धावत बाहेर आली. खड्ड्याची ती बाजू पोटातून ढासळली होती. जावई कंबरेपर्यंत मातीत रुतला होता, चेहरा पांढराफटक. आणि वर, त्याच्या डोक्यावर, उरलेला ढीग तसाच लोंबत होता. त्यातून ढेकळं सुटून त्याच्या खांद्यावर पडत होती.

"आई, पाय हलत नाहीत," तो हळूच म्हणाला. त्याला थट्टा सुचत नव्हती.

ती खड्ड्याकडे झेपावली. गवंड्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "कडेवर जाऊ नका! आणखी एक माणूस उतरला तर सगळं खाली येईल. आधी ढिगाचं वजन मागे ओढलं पाहिजे."

मागे म्हणजे वाफ्यावर. उरलेले दोन मजूर फावडी घेऊन उभे राहिले आणि तिच्याकडे बघू लागले. त्या बाईच्या जिभेची दहशतच तशी होती. तेवढ्यात आणखी एक ढेकूळ सुटलं.

"टाका!" ती किंचाळली. "बघता काय? वाफ्यावर टाका!"

आणि सगळ्यांच्या आधी तीच वाफ्यात शिरली. टोमॅटो पायाखाली चिरडत, गुलाबाच्या काट्यांनी हात फाडून घेत ती फावड्याने माती मागे ओढू लागली. काळी-पिवळी एक झाली. संध्याकाळी लेक कामावरून येईल तेव्हा तिला कोणत्या तोंडाने सांगू, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. भेग तिने बघितली होती. बघून चहा ठेवला होता.

ढीग उतरला तेव्हा वाफा दिसेनासा झाला होता. गवंडी पलीकडच्या बाजूने शिडी लावून उतरला. हातांनी माती उपसून त्याने एकेक पाय मोकळा केला. जावई वर आला, लंगडत, पण स्वतःच्या पायांवर. ठेवाबाई मातीतच बसली आणि ढसाढसा रडली. "मी भेग बघितली होती हो. बघूनही गप्प बसले."

घोटा प्लास्टरमध्ये घालून तो घरी बसला. बाई त्याला जेवायला वाढायची, पण नजर वर करायची नाही. त्यानेही एकदासुद्धा थट्टा केली नाही. घर नुसतं खायला उठलं होतं.

मग एका सकाळी मागून खुडबुड ऐकू आली. जावई वाफ्याशी स्टूल टाकून बसला होता, प्लास्टरचा पाय पुढे पसरून, आणि हातांनी ढेकळं निवडत होता.

"आई," तो मान वर न करता म्हणाला, "काळी इकडे आणि पिवळी तिकडे. बरोबर ना?"

ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिने एक पिवळं ढेकूळ उचललं.

"बरोबर," ती म्हणाली. "पण खड्ड्यापासून लांब टाका."