बिनधुराची चूल

गावोगावी विकासाच्या योजनांचं पेव फुटलं होतं, त्या दिवसांत मी ग्रामसेवक म्हणून आष्टीकडच्या एका खेड्यात रुजू झालो. अंगावर खादी, बुडाखाली सरकारी सायकल आणि डोक्यात देश उभा करण्याचं वारं. तेव्हाचा तो शहाणा आठवला की अजून त्याचे कान उपटावेसे वाटतात.

त्या वर्षी काम होतं बिनधुराच्या चुलींचं. धुराने बायकांचे डोळे जाऊ नयेत, हा हेतू चांगलाच होता. त्याला मी आजही नावं ठेवणार नाही. गावाबाहेर उतारावर गोंडांची दहा-बारा घरं होती. तिथल्या एका म्हातारीचे डोळे सदा लाल असायचे, म्हणून पहिली चूल तिच्याकडे घालायला घेतली.

तिने वर पाहिलं. चुलीवर आढ्याला ज्वारीच्या कणसांचे झुपके टांगलेले होते, धुराने काळे पडलेले. ते पेरणीचं बी होतं.

"धूर नाई राह्यला त बियाले कीड लागन ना, बापू," ती म्हणाली. "माह्या सासूपासून असंच टांगतो आमी."

"आजी, सासूचे डोळेही असेच गेले असतील," मी म्हणालो. जमलेली माणसं हसली. मी स्वतःच्या हाताने जुनी चूल फोडली, नवी घातली आणि धुराचा नळ छपराबाहेर काढला. मग ईर्षेने पंधरवड्यात सगळी घरं उरकली. वरच्या साहेबांनी जीपमधून येऊन पाठ थोपटली. 'लोकांच्या खुळ्या समजुती दूर केल्या', असं मी अहवालात ऐटीत लिहिलं.

मृगाच्या तोंडावर मी गेलो तेव्हा झुपके खाली काढलेले होते. म्हातारीने एक कणीस तळहातावर चोळलं. बोटांमधून नुसतं पीठ गळलं. घरोघरी तीच गत होती.

"सांगतलं होतं ना, बापू," एवढंच ती म्हणाली. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी धावाधाव करून तालुक्याहून सुधारित बी आणलं. ते उगवलं, पण त्या मुरमाड जमिनीत दाणा धरेना. गावातली ज्वारी काळ्या रानातली, तीही तिथे टिकेना. त्या उतारावर येणारं वाण फक्त त्या दहा-बारा घरांत होतं. एखादं घर मी कंटाळून सोडलं असतं, तरी मूठभर बी वाचलं असतं. पण मी कामाला वाघ होतो ना! तिचं एक वाक्य नीट ऐकायला मला वेळ नव्हता, याची लाज अजून गेलेली नाही.

दिवाळीनंतर निम्मी घरं मजुरीला निघून गेली. म्हातारी राहिली. तिने माझी चूल मोडून पुन्हा आपली जुनी मांडली. मी दारात उभा राहून पाहत होतो. धूर पहिल्यासारखा आढ्याकडे जात होता, आणि तिथे टांगायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.